नळ, भिंत, पंखा: घरची छोटी दुरुस्ती स्वतः कशी कराल

प्लंबर तीन दिवस ‘उद्या येतो’ म्हणतो आणि तोवर बेसिनखालची बादली भरत राहते. असल्या कामांपैकी बरीचशी अर्ध्या-पाऊण तासाची असतात. ती अडतात, कारण हाताशी नेमकं हत्यार नसतं. आणि बिघडतात, कारण हत्यार लावण्याआधी काय बंद करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. नव्या घरात राहायला आलेल्यांनी, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि आजवर पक्कड फक्त नारळ सोलायला वापरलेल्यांनी खालच्या क्रमाने जावं.

१. आधी कॉक आणि स्विच शोधा

दुरुस्ती निघेल तेव्हा शोधू असं म्हणू नका. एखाद्या रविवारी सकाळी घरभर फिरून हे करून ठेवा.

पाणी: बेसिन, सिंक आणि कमोडखाली भिंतीतून बाहेर आलेले छोटे कॉक असतात, त्यांना अँगल कॉक म्हणतात. प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून बघा, पाणी थांबतं का. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचून वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक घट्ट बसलेला असतो. त्याला पाना लावून जोर देऊ नका, दांडा तुटला तर छोट्या कामाचं मोठं काम होतं. हाताने थोडा पुढे, थोडा मागे करत सोडवा. सुटल्यावर दांड्याच्या मुळाशी पाणी झिरपू लागलं तर तिथली छोटी चाकी पाव फेरा आवळा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं.

बाथरूमच्या भिंतीतल्या नळांना अँगल कॉक नसतो. त्यांचा व्हॉल्व्ह बाथरूमच्या माळ्यावर, डक्टमध्ये किंवा गच्चीवरच्या टाकीपाशी असतो. सोसायटीत कुठला व्हॉल्व्ह तुमचा, हे वॉचमनला नक्की ठाऊक असतं. त्याच्याबरोबर जाऊन बघा आणि त्यावर ऑइल पेंटने फ्लॅट नंबर लिहून ठेवा.

वीज: एमसीबीच्या डब्यात कुठला खटका कुठल्या खोलीचा, हे एकेक पाडून बघा आणि चिकटपट्टीवर लिहून लावा. डब्यात ३० मिलिअँपिअर असं लिहिलेला, ‘टी’ अक्षराचं बटण असलेला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा खटका, आहे का ते पाहा. ते बटण दाबल्यावर खटका पडला पाहिजे. नाही पडला तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडल्यावरही पंख्याच्या आणि दिव्याच्या वायरीत २३० व्होल्ट असतात. मेन बंद केला म्हणून निर्धास्तपणे शिडीवर चढणारे इथेच फसतात. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि मग टेस्टर लावून खात्री करा. टेस्टरची रीतही पाळा: आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का बघा, मग कामाच्या वायरीला लावा, मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये. मधल्या वेळी टेस्टरच बिघडलेला असेल तर हा तिसरा फेरा ते दाखवून देतो.

२. हत्यारं: काय घ्यायचं, काय दुकानातच ठेवायचं

‘शंभर नगांची टूल किट’ घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं कधी लागत नाहीत आणि उरलेली पहिल्याच घट्ट स्क्रूवर गोल होतात. सुटी हत्यारं घ्या. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, या ठिकाणी वस्तू हातात घेऊन, वजन पाहून घेता येते. बाकी कुठल्याही गावातलं जुनं हार्डवेअरचं दुकान चालेल.

सुरुवातीला एवढं पुरतं:

- ८ इंची पक्कड. दांड्यावर १००० व्होल्टची खूण असलेली मिळाली तर उत्तम. साध्या रबरी मुठीवर विजेच्या बाबतीत विसंबू नका.
- स्टार स्क्रू ड्रायव्हर १ आणि २ नंबरचा, चपटा एक बारीक आणि एक रुंद. घरातले बहुतेक स्क्रू २ नंबरच्या स्टारचे असतात. त्यात १ नंबरचा घालून फिरवला की स्क्रूचं डोकं चाटून जातं.
- १० इंची स्क्रू पाना, म्हणजे तोंड कमीजास्त होणारा. नळाच्या चाक्या, कनेक्शन पाइप, गॅलरीतल्या वाळत घालायच्या दांड्या, सगळीकडे हाच.
- वॉटर पंप पक्कड, १० इंची. गोल चाकी धरायला पाइप पान्यापेक्षा घरात हीच सोयीची.
- अर्ध्या किलोची हातोडी, ५ मीटरचा टेप, एक फुटाची पाणसळ, हॅक्सॉ, ॲलन कीचा संच, टेस्टर.
- डोळ्यांना गॉगल. डोक्याच्या वर भोक पाडताना तो नसेल तर काम पुढे ढकला.
- अॅल्युमिनियमची पाच पायऱ्यांची घोडी. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्टूल रचून पंखा काढणाऱ्यांना पुढे हाडवैद्याकडे जावं लागतं.

डब्यात कायम ठेवायचं सामान: टेफ्लॉन टेपची दोन रिळं, अर्धा इंची वायसर, भिंतीतल्या भोकात बसवायचे ६ आणि ८ मिलिमीटरचे प्लास्टिकचे प्लग, ३५ बाय ८ आणि ५० बाय ८ चे स्क्रू, एम-सील, जुनी टूथब्रश, जाड सुती फडकी. ‘३५ बाय ८’ म्हणजे लांबी ३५ मिलिमीटर आणि जाडीचा नंबर ८. दुकानात असंच मागा, नाहीतर दुकानदार ‘कशाला हवाय?’ विचारून स्वतःच्या अंदाजाने देतो.

ड्रिल मशीन लगेच घेऊ नका. घरात वर्षाला चार-पाच भोकं पाडायची असतील तर शेजाऱ्याचं चालतं. घ्यायचंच असेल तर पाचव्या मुद्द्यातलं भिंतीचं प्रकरण वाचून घ्या, कारण मशीन भिंतीनुसार ठरतं.

३. गळका नळ

आधी नळ कुठल्या जातीचा ते ओळखा. बंद करायला तीन-चार फेरे फिरवावा लागतो तो जुन्या पद्धतीचा: आत दांडा आणि त्याच्या टोकाला रबरी वायसर. पाव फेऱ्यात चालू-बंद होतो तो सिरॅमिक डिस्कचा: आतला स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, अख्खा बदलायचा असतो, त्याला वायसर बदलून भागत नाही.

(क) पाणी बंद करा, नळ उघडून लाइनमधलं पाणी काढून टाका. बेसिनच्या जाळीवर फडकं टाका. त्यातला एवढासा स्क्रू एकदा जाळीतून गेला की परत मिळत नाही.

(ख) मुठीवरची लाल-निळी टिकली बारीक चपट्या ड्रायव्हरने उचकटा, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. क्षारांनी अडली असेल तर गरम पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा.

(ग) आता स्पिंडलच्या षटकोनी भागाला पाना लावा. पण नळाचं अंग दुसऱ्या हाताने, फडकं गुंडाळून वॉटर पंप पकडीने घट्ट धरल्याशिवाय पाना फिरवायचा नाही. नळ नुसता सोडला आणि पान्याला जोर दिला तर नळासकट भिंतीतला एल्बो फिरतो. आतला पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा असेल तर तो तिथे तडकतो, आणि मग वायसरच्या कामासाठी टाइल फोडावी लागते. घरच्या प्लंबिंगमध्ये याहून महाग चूक क्वचितच दुसरी असेल.

(घ) जुना नळ असेल तर वायसर बदला. त्याआधी नळाच्या आत, वायसर ज्या कड्यावर टेकतो त्यावरून बोट फिरवा. कडा खरखरीत किंवा खाच पडलेला असेल तर नवा वायसरही दोन महिन्यांत कापला जाईल, अशा वेळी नळच बदललेला बरा. स्पिंडल असेल तर जुना सोबत घेऊन दुकानात जा. लांबी, दातऱ्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा, तिन्ही जुळलं पाहिजे. गरम पाण्याच्या बाजूचा स्पिंडल कधीकधी उलट दिशेने उघडणारा असतो.

(ङ) बसवताना हाताने पूर्ण आत फिरवा, मग पान्याने पाव फेरा. आटे तिरके बसले तर हातालाच जड लागतं. तसं लागलं की जोर देऊ नका, उलट फिरवून काढा आणि नव्याने सुरुवात करा. पितळेचे आटे एकदा गेले की गेले.

अख्खा नळ बदलताना टेफ्लॉन टेपचं एवढं लक्षात ठेवा. आट्यांचं तोंड तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, ताणून, अर्ध्या इंचाच्या आट्यांवर दहा-बारा फेरे. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून बाहेर येते. नळ आत जाऊन घट्ट झाला पण तोंड जरा पुढे गेलं, म्हणून मागे फिरवून सरळ केलात तर टेप फाटते आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर ओल दिसते. पुढेच फिरवून खाली आणा, नसेल येत तर काढून टेपचे दोन फेरे वाढवा. कनेक्शन पाइपच्या चाकीत रबरी वायसर असतो, तिथे टेफ्लॉनची गरज नाही. तिथे गळत असेल तर वायसर दुमडलेला असतो.

नळातून धार बारीक येत असेल तर बिघाड बहुधा तोंडाच्या जाळीत असतो. जाळी उजवीकडे-डावीकडे फिरवून सोडवा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, टूथब्रशने घासा. बोअरच्या पाण्याच्या भागात दर सहा महिन्यांनी हे करावंच लागतं.

४. फ्लशची टाकी आणि तुंबलेलं बेसिन

टाकीतून पाणी गळतंय की नाही हे कळायला कपड्यांची नीळ टाकीत चार थेंब टाका. फ्लश न करता वीस मिनिटं थांबा. कमोडमध्ये निळं पाणी आलं तर खालचा रबरी वायसर गेलाय. तो काढून घेऊन जुळणारा आणा. मात्र टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून आत सांडत असेल, तर दोष फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या भागाचा. फ्लोटचा स्क्रू फिरवून पाण्याची पातळी त्या तोंडाच्या एक इंच खाली आणा.

बेसिन तुंबलं तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची, म्हणजे बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाची, खालची वाटी हाताने सोडा. केस आणि साबणाचा गोळा तिथेच असतो. वाटी परत लावताना आतलं रबरी कडं जागेवर आहे ना ते पाहा आणि हातानेच आवळा, पाना लावला की प्लॅस्टिकचे आटे चाटतात. बाजारातलं ॲसिड ओतू नका, आणि ॲसिडवर किंवा ॲसिडनंतर ब्लीच तर कधीच नाही. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. दार बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

५. भिंतीला भोक: आधी भिंत ओळखा

चष्म्याच्या दुकानात जसा आधी नंबर काढतात, तसं इथे आधी भिंत ओळखायची. एकाच घरात तीन प्रकारच्या भिंती असू शकतात. सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे कपाटामागे किंवा जिथे दिसणार नाही तिथे ६ मिलिमीटरचं एक भोक पाडून बाहेर पडणारा भुगा पाहणं.

भुगा सुरुवातीला करडा किंवा पांढरा येतो, तो प्लॅस्टरचा. तो १२ ते १५ मिलिमीटर असतो. त्याला धरू नका, पुढचा बघा.

*लाल भुगा:* विटेची भिंत. फिरता फिरता ठोके देणारं साधं इम्पॅक्ट ड्रिल, ६ मिलिमीटरचा मेसनरी (भिंतीसाठीचा) बिट, प्लास्टिकचा प्लग, काम संपलं. अडचण येते ती स्क्रूच्या लांबीमुळे. ३५ मिलिमीटरच्या स्क्रूमधला १५ मिलिमीटर प्लॅस्टरमध्येच जातो, विटेत उरतो २०. फोटोफ्रेमला ठीक, कपड्यांच्या रॅकला नाही. तिथे ५० बाय ८ घ्या. आणि बिट विटांच्या सांध्यात गेला तर मसाला ठिसूळ असतो, भोक सैल होतं. दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली सरका.

*पांढरट, पिठासारखा, बिट लोण्यात जावा तसा आत जातो:* एएसी ब्लॉक, ज्याला बरेच जण सिपोरेक्स म्हणतात. गेल्या काही वर्षांतल्या इमारतींच्या आतल्या भिंती बऱ्याच वेळा याच्या. इथे ड्रिलचा हॅमर मोड, म्हणजे ठोके देणं, बंद ठेवायचा. चालू राहिला तर भोक बिटापेक्षा मोठं होतं आणि प्लग नुसता फिरत राहतो. प्लगच्या मापापेक्षा एक मिलिमीटर बारीक बिट वापरा, लांब आणि पंखांचे प्लग घ्या. जड वस्तूला, म्हणजे गिझरला किंवा पोटमाळ्याच्या कपाटाला, ही भिंत साध्या प्लगवर पेलत नाही. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, किंवा आरपार बोल्ट लागतो.

*करडा, बारीक, आणि बिट दोन मिनिटांत अर्धा सेंटिमीटरही जात नाही:* काँक्रीट. बीम, कॉलम, किंवा मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतीतली अख्खी भिंतच. इम्पॅक्ट ड्रिल दाबून दाबून हात भरून येतात आणि बिटाचं टोक निळं पडतं. इथे रोटरी हॅमर हवं, एसडीएस (खाचांच्या दांड्याच्या) बिटाचं. विकत घ्यायची गरज नाही, हार्डवेअरवाले किंवा भाड्याने हत्यारं देणारे दिवसाच्या भाड्याने देतात. भोक पाडताना ठिणगी उडाली किंवा बिट एकदम अडला तर आत सळई आहे. तिच्याशी भांडू नका, दोन सेंटिमीटर बाजूला व्हा. मिवानच्या भिंतीत छिन्नीने खाच पाडून वायर लपवण्याचा विचार तर सोडूनच द्या, ती भिंतच इमारत तोलून धरते.

*कोकणातली जांभ्याची भिंत:* भोक पटकन पडतं, पण जांभ्यात पोकळ्या असतात आणि प्लग त्यात सैल पडतो. भोकात एम-सील किंवा पातळ सिमेंटचा गिलावा भरा, प्लग दाबून बसवा, चोवीस तास हात लावू नका, मग स्क्रू. वाड्याच्या काळ्या दगडाच्या भिंतीत उलटी गंमत असते. दगडात भोक पडायला वेळ लागतो पण ते धरतं. सांध्यात क्षणात पडतं आणि काहीच धरत नाही, कारण आत माती आहे.

भोक कुठे पाडायचं नाही: स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि त्याच उंचीवर डाव्या-उजव्या बाजूला. वायरींचे पाइप सहसा याच रेषांतून जातात. बाथरूममध्ये नळापासून गिझरपर्यंतच्या उभ्या पट्ट्यातही नाही. स्वयंपाकघराची जी भिंत पलीकडच्या बाथरूमची आहे, तिथे पलीकडे कुठे नळ आहेत ते बघून या. वायर शोधणारे स्वस्तातले डिटेक्टर रिकामा प्लॅस्टिकचा पाइप दाखवत नाहीत, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

भोक पाडण्याचा क्रम:

१. पेन्सिलने फुली मारा. खिळ्याने बारीक खोच पाडा, म्हणजे बिट घसरणार नाही.
२. बिटावर प्लगच्या लांबीपेक्षा १० मिलिमीटर जास्त अंतरावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. टेप भिंतीला टेकली की थांबायचं.
३. फुलीच्या खाली जुना पत्राचा लिफाफा उघडा करून चिकटपट्टीने लावा. सगळा भुगा त्यात पडतो आणि सोफा वाचतो.
४. मशीन भिंतीला काटकोनात धरा, सुरुवातीला हळू वेगाने.
५. भोकातला भुगा काढा. फुंकर मारू नका, डोळ्यात जातो. स्ट्रॉ लावून किंवा रिकाम्या पिचकारीने हवा मारून काढा. भुगा राहिला की प्लग पूर्ण आत जात नाही, आणि बाहेर राहिलेलं टोक कापून स्क्रू मारला की तो पुढे सैल पडतो.
६. प्लग हातोडीने भिंतीच्या पातळीपर्यंत बसवा, स्क्रू हातानेच आवळा.

दोन भोकांची वस्तू असेल, उदाहरणार्थ पडद्याचा रॉड, तर दोन्ही फुल्या आधीच मारू नका. एक भोक पाडून ब्रॅकेट लावा, रॉडवर पाणसळ ठेवा, मग दुसरी फुली. आणि सुताराने दाखवलेले काळे स्क्रू, जे जिप्सम बोर्डासाठी असतात, ते वजन टांगायला घेऊ नका. ते कडक पण ठिसूळ असतात, वाकण्याऐवजी तुटतात.

टाइलवर भोक पाडताना हॅमर बंद. भाल्याच्या टोकाचा काच-टाइलचा बिट, फुलीवर चिकटपट्टीचा तुकडा, कमी वेग, मधूनमधून पाण्याचा थेंब. टाइल पार झाली की मेसनरी बिट लावून मागच्या भिंतीत पुढे जा. टाइलच्या कडेपासून इंचभर आत राहा, कडेला पाडलेलं भोक हमखास तडा देतं.

वजनाचा अंदाज घेऊनच फास्टनर घ्या. १५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच १५ किलो, त्यात त्याचं स्वतःचं वजन. त्याला प्लग-स्क्रू चालत नाही, विटेत किंवा काँक्रीटमध्ये १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट हवेत.

६. हळू फिरणारा छताचा पंखा

रेग्युलेटर पाचवर असूनही पंखा रेंगाळतो, किंवा नुसता गुणगुणतो आणि काठीने पात्याला धक्का दिला की फिरू लागतो: नव्वद टक्के खात्रीने सांगता येईल असं नाही, पण पहिला संशय कपॅसिटरवरच घ्यावा. पंखा बंद असताना हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला तर कपॅसिटर, खरखर करत जड फिरला तर बेअरिंग. बेअरिंगसाठी पंखा खोलून दुकानात न्यावा लागतो.

पंखा बीएलडीसी असेल, म्हणजे रिमोटचा आणि वीज कमी खाणारा, तर त्यात हा कपॅसिटर नसतो, आत सर्किट असतं. तो उघडू नका.

एमसीबी पाडा, इन्व्हर्टर बंद करा, टेस्टरने बघा. घोडीवर चढून पंख्याच्या वरची वाटी खाली सरकवा. आत पांढरा किंवा काळा चौकोनी डबा दिसेल, त्याला दोन वायरी. उघडण्याआधी मोबाइलने फोटो काढा. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून त्याच्या दोन टोकांना इन्सुलेटेड मुठीच्या ड्रायव्हरने एकदा जोडून मगच हात लावा.

डब्यावरचा आकडा वाचा: बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरड. तोच आकडा, ४४० व्होल्टचा, नवा आणा. दुकानात कुणी ‘३.१५ टाका, पंखा जोरात फिरेल’ म्हणेल. फिरतोही. पण वाइंडिंग तापतं आणि पुढच्या उन्हाळ्यात अख्खी मोटर बांधायला द्यावी लागते. दोन वायरींपैकी कुठली कुठे याला महत्त्व नाही. जोड नुसत्या पिळून टेप लावू नका, छोटा कनेक्टर वापरा.

वर चढलाच आहात तर दांड्याच्या बोल्टमधली स्प्लिट पिन जागेवर आहे आणि तिची टोकं वाकवलेली आहेत हे बघून घ्या. ती नसेल तर बोल्ट हळूहळू सरकतो. उतरण्याआधी हे बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

७. दारं आणि बिजागऱ्या

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीला घासतं. जुलैत रंधा मारू नका. दार ऑक्टोबरनंतर सुकलं की चौकटीत फट दिसू लागते. पावसात घासणाऱ्या जागी पेन्सिलने खूण करा, तिथे मेणबत्ती घासा, कोरड्या हवेतही घासत राहिलं तर मग सुताराला बोलवा. मात्र वरची बिजागरी सैल होऊनही दार खाली टेकतं, ते आधी तपासा.

बिजागरीचे स्क्रू नुसते फिरत असतील तर लाकडाचं भोक मोठं झालंय. काड्यापेटीच्या गुल काढलेल्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर ठेवा, बाहेरचा भाग कापून त्यातच स्क्रू मारा.

मॉड्युलर किचनची दारं एका रेषेत नसतील तर बिजागरीवरचे दोन स्क्रू बघा. पुढचा दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर. अर्धा फेरा, दार लावून बघा, पुन्हा अर्धा.

८. इथे हात घालू नका, आणि हे कागद जवळ ठेवा

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत रेघ स्पष्ट आहे: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू क्षमता न बदलता बदलणं घरच्याने करायला हरकत नाही, नवी वायर टाकणं किंवा पॉइंट वाढवणं परवानाधारक कंत्राटदाराचं काम. गिझरचा पॉइंट, एसीची वायर, काळवंडलेला मेन स्विच त्यातच येतात. गॅसची नळी आणि रेग्युलेटर कंपनीच्या मेकॅनिकचं. वरच्या मजल्यावरून येणारी ओल एम-सील आणि वॉटरप्रूफिंगच्या डब्याने थांबत नाही, तिचा उगम वरच्या बाथरूममध्ये असतो.

काम सुरू करण्याआधी हाताशी असावेत: बिल्डरने दिलेलं प्लंबिंग आणि वायरिंगचं ड्रॉइंग, पंखा-गिझरची बिलं आणि वॉरंटी कार्ड, कारण वॉरंटीतली वस्तू स्वतः उघडली की वॉरंटी संपते. भाड्याचं घर असेल तर करारातलं दुरुस्तीचं कलम आणि भिंतीला भोक पाडायला मालकाची मेसेजवरची का होईना पण लेखी हो. स्वतःच्या फ्लॅटमध्येही फरशी, भिंत, पाइप बदलायचे असतील तर सोसायटीच्या उपविधीनुसार समितीची लेखी परवानगी लागते. ड्रिलची वेळही सोसायटीच्या नोटीस बोर्डवर असते. दुपारी दोन ते चार बहुतेक ठिकाणी बंद, शेजारी झोपलेले असतात.

९. काम झाल्यावर

पाण्याच्या प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळा आणि रात्रभर राहू द्या. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, कागदावर सकाळी ठिपका दिसतो. ठिपका दिसला तर चाकी पाव फेरा आवळा आणि पुन्हा नवा कागद लावा. विजेचं काम असेल तर अर्धा तास चालवून स्विच, सॉकेट, प्लग यांना हाताच्या पाठीने स्पर्श करा. कोमट लागलं तर आत कुठेतरी स्क्रू सैल राहिलाय. एमसीबी पाडून तो आवळा. भिंतीवरच्या कामाला पहिले चोवीस तास वजन देऊ नका, आणि नंतर टांगण्याआधी स्क्रूला हाताने जोराने खाली ओढून बघा.